स्वयंपाकघरात खरंच काय लागतं? नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

नुकतंच स्वतःचं स्वयंपाकघर लावायला घेतलंय किंवा आता रोज घरीच करून खायचं असं ठरवलंय, तर पहिला गोंधळ सामानाचाच होतो. काय काय घ्यायचं? याद्या भरपूर मिळतात पण यादी बनवणाऱ्याला बरेचदा काहीतरी विकायचं असतं, त्यामुळे यादी कधी छोटी नसते. माझं मत आधीच सांगून टाकते, पैसे मोकळ्या हाताने खर्च करायचे ते दोनच ठिकाणी, धार आणि उष्णता. म्हणजे एक सुरी आणि दुसरं शेगडीवर चढणारी भांडी. बाकीचं साधंसुधं घेतलं तरी काही बिघडत नाही आणि त्यातलं निम्मं तर लागतच नाही.

पायरी १: आधी कामं लिहा, वस्तू नाही

कागद घ्या आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही खरंच काय बनवणार आहात ते लिहा. "खरंच" हे महत्त्वाचं, कारण आपण सगळे मनातल्या मनात दर रविवारी ब्रेड बेक करत असतो. मग प्रत्येक पदार्थासमोर त्यात कुठली कामं येतात ते लिहा: सोलणं, चिरणं, किसणं, उकडणं, परतणं, भाजणं, वाटणं, गाळणं, फेटणं, मोजणं. पदार्थ कितीही वेगळे असले तरी कामं फिरून फिरून तीच दहा-बारा येतात हे लगेच दिसेल. आता जे काम रोज येतंय त्याचं साधन चांगलं हवं, जे आठवड्यातून एकदा येतंय त्याचं साधन जेमतेम असलं तरी चालेल, आणि जे यादीत आलंच नाही त्याचं साधन आत्ता घ्यायचं नाही, कितीही ऑफर असली तरी.

आणि हो, हा कागद टाकून देऊ नका, शेवटी लागणार आहे.

पायरी २: सुरी

इथे जरा थांबू, कारण स्वयंपाकातला सगळ्यात जास्त वेळ चिरण्यातच जातो आणि नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वैतागही तिथेच होतो.

एक मोठी सुरी, पातं साधारण २० सेंटीमीटरचं (हात लहान असेल तर १६-१८ चं घ्या), आणि एक छोटी, ८ ते १० सेंटीमीटरची, सोलायला आणि बारीकसारीक कामाला. ब्रेड घरात नेहमी येत असेल तर तिसरी करवतीसारख्या दात्यांची. झालं. लाकडी स्टँडमध्ये खोचलेला सुऱ्यांचा तो मोठा सेट असतो ना, त्यात दोन-तीन कामाच्या असतात आणि बाकीच्या सेट भरायला घातलेल्या असतात, त्याच पैशात एक झकास सुरी येते.

दुकानात असाल तर सुरी हातात घेऊन बघा. मूठ नुसती हँडलवर नाही धरायची, अंगठा आणि पहिलं बोट पात्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी यायला पाहिजे, तशी धरून सुरी हातात जड होऊन पुढे झुकतेय का, बोटांची पेरं बोर्डला आपटतील का एवढं बघितलं तरी पुरे. युरोपियन पद्धतीच्या सुऱ्यांचं पोलाद थोडं मऊ असतं आणि धारेचा कोन एका बाजूला साधारण २० अंश, जपानी पद्धतीच्या सुऱ्या जास्त कडक पोलादाच्या आणि १५ अंशांच्या आसपास. जपानी सुरी चिरते अप्रतिम, पण हाडावर किंवा फ्रोझन वस्तूवर मारली की धारेचा टवका उडतो. पहिलीच सुरी असेल तर मऊवाली घ्या, ती चुका सहन करते.

आता धारेचं. पिकलेल्या टोमॅटोवर सुरी ठेवा आणि दाब न देता नुसती ओढा. साल लगेच कापली गेली तर धार आहे. साल आधी दबली, सुरी घसरली आणि मग कुठेतरी एकदम आत घुसली तर धार गेलीये, आणि ती घसरते तेव्हाच बोट कापतं. बोथट सुरी सेफ असते हा फार जुना गैरसमज आहे, बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेली सुरी कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही.

सेटबरोबर ती स्टीलची लांब दांडी येते तिने धार लागते असं बऱ्याच जणांना वाटतं. ती दांडी वाकलेली धार सरळ करते, नवीन धार काढत नाही. म्हणजे रोजच्या वापरात धारेची अगदी बारीक कड एका बाजूला कलते, ती दांडीने परत उभी राहते, पण कड झिजली की धार लावायचा दगडच लागतो. १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या खरखरीतपणाचा आकडा) एक दगड घरच्या कामाला पुरतो. शिकायचा कंटाळा असेल तर धार लावून देणाऱ्याकडे अधूनमधून नेऊन द्या, लाज कसली. सुरी डिशवॉशरमध्ये घालू नका आणि ड्रॉवरमध्ये चमच्यांबरोबर मोकळी टाकू नका, धार तिथे जास्त जाते चिरताना कमी.

बोर्ड लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा. काचेचा, दगडाचा, स्टीलचा दिसायला कितीही छान असला तरी नको, चार दिवसांत सुरीची वाट लागते. आकाराने मोठाच घ्या, लहान बोर्डवर चिरलेलं सगळं खाली सांडतं आणि मग माणूस उगाच चॉपर शोधायला लागतो. बोर्डखाली ओलं फडकं घातलं की तो हलत नाही. कच्चं मांस-मासे करत असाल तर त्याला वेगळा बोर्ड ठेवा.

पायरी ३: शेगडीवरची भांडी

सुरुवातीला तीन भांडी बास. एक फ्राय पॅन २६ ते २८ सेंटीमीटरचा, एक दोनेक लिटरचं दांडीवालं पातेलं झाकणासकट, आणि एक मोठं पाच-सहा लिटरचं भांडं. एकटेच असाल तर मोठं भांडं थोडं लहान घेतलं तरी चालेल पण फार लहान नको, कारण दोन वेळचं एकदम करून ठेवायची सवय लागली की तेच सगळ्यात जास्त वापरलं जातं. शक्यतो दोन भांड्यांना एकच झाकण बसेल अशी मापं बघा, झाकणं जागा फार खातात.

खरा प्रश्न धातूचा आहे. ॲल्युमिनियममधून उष्णता स्टेनलेस स्टीलच्या साधारण १५ पट सहज पसरते, तांबं त्याच्याही पुढे. म्हणूनच पातळ बुडाच्या नुसत्या स्टीलच्या पॅनमध्ये मधोमध कांदा करपतो आणि कडेचा कच्चा राहतो, स्वयंपाक येत नाही म्हणून नाही. यावर उपाय म्हणजे ज्याला ट्राय-प्लाय म्हणतात ते, वर-खाली स्टील आणि मधे ॲल्युमिनियमचा थर. हा थर नुसता बुडाला आहे की कडेपर्यंत गेलाय ते विचारा, कडेपर्यंतचा महाग असतो पण चांगला. बजेट नसेल तर जाड बुडाचं घ्या, तेवढ्यानेही खूप फरक पडतो.

बिडाचं भांडं ॲल्युमिनियमइतकं पटकन आणि एकसारखं तापत नाही, पण एकदा तापलं की उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे थंड वस्तू टाकली तरी पॅन लगेच गार पडत नाही आणि वरून मस्त खमंग रंग येतो. त्यावरचा काळा थर म्हणजे तापून घट्ट झालेलं तेल, तो नीट बसला की चिकटणं कमी होतं. त्यात टोमॅटो तासभर शिजवत बसू नका, आंबटाने तो थर निघतो आणि पदार्थाला लोखंडाची चव येते. वजन मात्र आधी उचलून बघा, मनगट दुखणाऱ्याला ते भांडं कपाटातच राहणार.

नॉनस्टिकबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. माझं म्हणणं, अंड्यासाठी एक छोटा नॉनस्टिक ठेवा आणि तो कायमचा नाही हे धरूनच चाला. नॉनस्टिकवरचं टेफ्लॉनचं कोटिंग २६० अंश सेल्सिअसच्या वर खराब व्हायला लागतं, आणि रिकामा पॅन मोठ्या आचेवर ठेवून फोनवर बोलत बसलं तर काही मिनिटांतच तितका तापतो. आणखी तापला की धूर निघतो तो पाळीव पक्ष्यांच्या जिवावर बेततो, घरात पोपट वगैरे असेल तर जपा. मध्यम आच, लाकडी किंवा सिलिकॉनचं उलथनं, आणि कोटिंग निघायला लागलं की सरळ बदलायचं. म्हणूनच यावर खूप पैसे घालू नका, महागडा नॉनस्टिकही शेवटी झिजतोच.

स्टीलच्या पॅनला सगळं चिकटतं अशी तक्रार असते तिचं कारण बहुतेक वेळा पॅन पुरेसा तापलेला नसतो. करून बघा: रिकामा पॅन मध्यम आचेवर ठेवा आणि थोड्या थोड्या वेळाने पाण्याचा एक थेंब टाका. आधी थेंब नुसता पसरून आटेल, मग चरचर करत उडून जाईल, आणि मग एका क्षणी तो मोत्यासारखा गोळा होऊन पॅनभर पळायला लागेल. थेंबाखाली वाफेचा पातळ थर तयार होतो त्यावर तो तरंगतो, लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने १७५६ मध्ये याच्यावर लिहून ठेवलंय म्हणून त्याला त्याचंच नाव आहे. थेंब पळाला की आच थोडी कमी करा, तेल घाला, मग वस्तू टाका, आणि मुख्य म्हणजे लगेच उचकटायला जाऊ नका, खालून रंग आला की ती बऱ्यापैकी आपली आपण सुटते.

इंडक्शन शेगडी असेल तर दुकानात जाताना खिशात एक लोहचुंबक ठेवा. बुडाला घट्ट चिकटला तर चालेल, नाही तर नाही.

पायरी ४: किरकोळ सामान

हे पटकन. सोलाणं, किसणी, उलथनं, पळी, चिमटा, एक बारीक जाळीची गाळणी आणि एक मोठ्या भोकांची चाळणी, दोन-तीन स्टीलचे बाउल एकात एक बसणारे, कात्री, डबे उघडायचं ओपनर लागत असेल तर. यात ब्रँडच्या मागे लागू नका. इंग्रजी वाय अक्षरासारखं सोलाणं असतं ना, ते स्वित्झर्लंडमध्ये १९४७ साली आलं आणि आजही जवळपास तसंच आणि स्वस्तच मिळतं, धार गेली की टाकून नवीन घ्यायचं. किसणी घेताना ती उभी राहते का आणि हात कुठे जातो ते बघा, पातळ लवचिक किसण्या हातातून निसटतात.

पायरी ५: मोजायचं सामान

बेकिंग करणार नसाल तर ही पायरी ओलांडली तरी चालेल, पण करणार असाल तर कपांआधी डिजिटल काटा घ्या. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पाच किलोपर्यंतचा, आणि ज्यात भांडं ठेवून आकडा शून्य करता येतो असा.

कारण काय, तर एक कप पीठ म्हणजे किती हे कोणालाच धड माहीत नसतं. चमच्याने हलकेच भरलं तर १२० ग्रॅमच्या आसपास येतं, तोच कप पिठात बुडवून दाबून भरला तर १५० किंवा जास्त. तीन कपांत हा फरक जवळजवळ शंभर ग्रॅमवर जातो आणि मग केक दगड झाला की ओव्हनला शिव्या. त्यात कपही एक नाही, अमेरिकन कप साधारण २४० मिली आणि मेट्रिक कप २५०, टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिली पण ऑस्ट्रेलियात २०. ग्रॅम सगळीकडे सारखाच. शिवाय काट्यामुळे भांडी कमी पडतात घासायला, एकाच बाउलमध्ये एकेक वस्तू घालत शून्य करत जायचं.

मांस करत असाल तर लगेच आकडा दाखवणारा थर्मामीटर ही चैन नाही. चिकन आतून ७४ अंशांना पोचलं की झालं, कापून रंग बघत बसायला नको आणि घाबरून कोरडं ठाक करायलाही नको. थर्मामीटर नीट आहे का बघायला ग्लासभर बर्फात थोडं पाणी घालून ढवळा आणि त्यात टोक बुडवा, शून्य यायला पाहिजे.

पायरी ६: विजेवर चालणारं

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. प्रत्येक मशीनला तीन प्रश्न विचारा. हे काम मी आत्ता कशाने करतोय आणि त्यात खरंच काय अडतंय? वापरून झाल्यावर याचे किती भाग धुवायचे? आणि हे ओट्यावर राहणार की कपाटात? तिसऱ्याचं उत्तर "वरच्या कपाटात, स्टूल घेऊन" असेल तर पहिले दोन प्रश्नही विचारू नका, ते मशीन वापरलं जाणार नाही. अर्धा कांदा चिरायला दोन मिनिटं लागतात आणि चॉपरचं पातं, भांडं, झाकण धुऊन वाळवायला त्याहून जास्त, हा हिशोब जाहिरातीत दिसत नाही.

वाटायचं काम असेल तर नेमकं काय वाटता ते बघा. स्मूदी, गुळगुळीत पेस्ट, म्हणजे पातळ काम असेल तर ब्लेंडर किंवा मिक्सर. कोरडं काम, चिरणं, किसणं, कणीक मळणं, तेही जास्त माणसांसाठी, तर फूड प्रोसेसर. भांड्यातलं सूप भांड्यातच फिरवायचं असेल तर हँड ब्लेंडर, हा छोट्या घरासाठी मला सगळ्यात आवडतो, एकच दांडा धुवायचा. तिन्ही लागणारं घर फार कमी. मोठा स्टँड मिक्सर, म्हणजे पीठ मळणारा-फेटणारा, आठवड्याला ब्रेड-केक होत असतील तरच.

प्रेशर कुकर मी आवश्यकच्या जवळ धरते. ही कल्पना जुनी आहे, फ्रान्सच्या देनी पापँने १६७९ मध्ये वाफेवरचं पहिलं असं भांडं दाखवलं होतं, आणि तत्त्व अजून तेच: दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. बाहेरच्या हवेपेक्षा १५ पीएसआय (हे दाब मोजायचं एकक) जास्त दाबाला पाणी १०० ऐवजी १२१ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून कडधान्यं, मांस असलं तासभर घेणारं काम बरंच कमी वेळात होतं आणि इंधनही वाचतं. तुम्ही हे पदार्थ करतच नसाल तर मात्र कुकरही नको.

एअर फ्रायर हा खरं तर पंखा असलेला छोटा ओव्हन आहे, तळण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. फॅनवाला ओव्हन घरात आधीच असेल तर तेच काम तो करतो, फक्त तापायला जास्त वेळ घेतो. ओव्हन नसेल आणि एक-दोघांचंच करायचं असेल तर एअर फ्रायर चांगला, चौघांचं असेल तर दोन-तीन वेळा लावत बसावं लागतं. मायक्रोवेव्ह गरम करायला उत्तम. यातली बरीचशी तापणारी मशीन्स १५०० वॉट आणि त्याहून वरची असतात, दोन एकदम एकाच एक्स्टेंशन बोर्डला लावायची नाहीत.

पायरी ७: एकाच कामाच्या वस्तू

अंड्याच्या चकत्या पाडणारं, केळं कापणारं, लसूण दाबणारं. सरसकट नाही म्हणायचं असं मी तरी म्हणणार नाही. ते एक काम तुम्ही खूप करत असाल आणि सुरीने ते खरंच वाईट होत असेल तर घ्या. हंगामात किलोकिलोने चेरी साठवणाऱ्याला बी काढायचं यंत्र लागणारच, वर्षातून वाटीभर खाणाऱ्याला नाही.

अजून एक गोष्ट राहून जाते. ज्यांच्या हातात जोर नाही, सांधे दुखतात, एका हाताने काम करावं लागतं, त्यांच्यासाठी दोरी ओढून चालणारा चॉपर, बाटलीचं झाकण फिरवायचं रबर, इलेक्ट्रिक ओपनर हे चोचले नाहीत. ऑक्सो कंपनीची जाड रबरी मुठीची सोलाणी १९९० मध्ये आली तीच मुळी कंपनी काढणाऱ्या सॅम फार्बर यांच्या पत्नीला संधिवातामुळे साधं सोलाणं धरता येत नव्हतं म्हणून, आणि मग ती सगळ्यांनाच आवडली. त्यामुळे दुसऱ्याच्या ड्रॉवरमधलं गॅजेट बघून हसायच्या आधी जरा विचार करा.

पायरी ८: थांबा, मग घ्या

आता तो पहिला कागद काढा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. स्वयंपाक करताना "हे असतं तर" असं वाटलं की वस्तूचं नाव लिहा, परत वाटलं की पुढे खूण करा. महिना-दोन महिन्यांनी ज्याच्यापुढे खुणांची रांग लागलीये ते घ्या, आणि ज्याच्यापुढे एकच खूण आहे ते कुणाकडून तरी मागून आणा. महाग मशीन तर घ्यायच्या आधी एकदा उसनं आणून वापरूनच बघावं, आवाज किती येतो आणि धुवायला किती त्रास आहे हे फोटोत कळत नाही.

घरात आधीच पसारा झाला असेल तर उलटं करा. शंका आहे त्या सगळ्या वस्तू एका खोक्यात भरा, लागेल तशी एकेक बाहेर काढा, आणि दोन-तीन महिन्यांनी खोक्यात जे उरलं ते देऊन टाका. सणासुदीला किंवा पाहुणे आले की लागणारी मोठी भांडी मात्र या खोक्यात घालू नका, त्यांचा हिशोब वर्षाचा असतो.

जुनं सामान घ्यायला काहीच हरकत नाही, उलट बीड आणि जाड स्टील जुनंच घ्यावं. बिडाला गंज असेल तर तो घासून काढून तेलाचा थर परत देता येतो, फक्त तडा नाही ना ते उजेडात धरून बघा. स्टीलचं भांडं सपाट ओट्यावर ठेवून डगमगतंय का बघा, बूड वाकलं असेल तर सपाट शेगडीवर ते नीट तापणार नाही. नॉनस्टिक कधीही जुना घेऊ नका. कुकर जुना मिळाला तर त्याच मॉडेलची रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व नवीन मिळतायत का ते आधी विचारा, मिळत नसतील तर कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.